बैलांची तोंडं विहिरीकडं

आमच्या ग्रामसभेत आजवर एकमताने मंजूर झालेले ठराव दोनच. एक मारुतीच्या देवळाला कळस बसवण्याचा आणि दुसरा शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर गावाच्या शेतीचा इतिहास रंगवण्याचा. पहिल्याला देवाची भीती होती. दुसऱ्याचा खर्च पुण्यात नोकरीला लागलेली गावची पोरं वर्गणी काढून करणार होती, त्यामुळे विरोध करावा तर कशाच्या जिवावर, असा विरोधकांपुढे प्रश्न पडला.

आमचं गाव प्रवरेच्या काठचं, नगर जिल्ह्यातलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातलं नगर जायला वेळ लागेल.) भिंत दोनशे फूट लांब, सहा फूट उंच, एसटी स्टँडवरून पाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. रंग द्यायच्या आधी ती घासायला घेतली तर थरावर थर निघू लागले. सगळ्यात वर खताची जाहिरात, तिच्याखाली हागणदारीमुक्तीची घोषणा, तिच्याखाली कुठल्याशा निवडणुकीचं चिन्ह, आणि तळाला कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. नदीच्या खालच्या अंगाला दायमाबादच्या उत्खननात संस्कृतीचे पाच थर सापडले. आमच्या भिंतीनं चार दिले, तेही सरकारी अनुदानाशिवाय.

मग समिती झाली. तिच्यात सरपंच, सरपंचांवर नजर ठेवायला माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, डेअरीचे सचिव आणि मी. मी निवृत्त इतिहास शिक्षक, म्हणजे गावाच्या मते ज्याला काही काम नाही पण सनावळ्या पाठ आहेत असा माणूस. पहिल्याच बैठकीत भिंतीवर काय काय काढायचं याची यादी करायला बसलो आणि तासाभरात लक्षात आलं, की हा कागद इतिहासाचा नाही, सातबाराचा आहे. प्रत्येकाला आपलं नाव लावून हवं होतं. गावातली पहिली विहीर कुणाच्या आजोबांनी पाडली, याला चार दावेदार. पहिलं ऑइल इंजिन, पहिला ऊस, पहिला ट्रॅक्टर, पहिली जर्सी गाय, सगळ्यांना किमान दोन-दोन. एकाचं नाव लिहिलं की दुसऱ्याची हरकत तयार. शेवटी चेअरमननी तोडगा काढला, की माणसं काढायची, पण कुणाचाही चेहरा ओळखू येता कामा नये.

पेंटर कोपऱ्यात चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "त्याची गॅरंटी मी देतो. त्याचे जादा पैसे नाहीत."

हे पेंटर तालुक्याच्या गावचे. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची शायरी आणि लग्नाच्या दारावरचं गणपतीसह 'शुभविवाह' यांवर त्यांनी उभी हयात काढली. मग फ्लेक्स आला आणि गल्लीतल्या प्रत्येक भावी नेत्याचा वाढदिवस यंत्रातून छापून निघू लागला. तेव्हापासून पेंटर फ्लेक्स दिसला की मान दुसरीकडं वळवतात. आमच्या भागात रस्त्यानं चालताना त्यांना फार त्रास होतो. सोबत त्यांची पुतणी, चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेली. चित्र ती काढणार, रंग दोघं भरणार, असं ठरलं. दोघांत मतभेद एकच होता. पेंटरांच्या मते चित्राखाली नाव लिहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही आणि पुतणीच्या मते नाव लिहावं लागलं तर ते चित्रच नाही.

भिंतीला प्रायमर बसला आणि चौकटी आखायचं काम सुरू झालं. गेरूच्या पाण्यात बुडवलेली सुताची दोरी दोन टोकांना दोघांनी ताणून धरायची, मधे तिसऱ्यानं चिमटीत उचलून सोडायची. फट्ट आवाज होतो आणि भिंतीवर सरळ लाल रेघ उमटते. कागदावरच्या छोट्या चौकटीतलं भिंतीवरच्या मोठ्या चौकटीत उतरवायचं, एवढंच त्यामागचं गणित. पण ती मधली दोरी सोडायचा मान मिळवण्यासाठी पाचवीच्या वर्गात मारामारी झाली. रस्त्यानं जाणारे मात्र चौकटी बघून थबकायचे आणि खालच्या आवाजात विचारायचे, "प्लॉट पाडताय का? एन.ए. झालं?"

पहिलं चित्र दायमाबादचं, हा माझा हट्ट होता. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावात १९७४ साली एका शेतकऱ्याला जमिनीत काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, रथात उभा एक माणूस. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. हजारो वर्षांपूर्वी आपल्या नदीकाठच्या माणसानं धातूत बैल ओतले आणि ते पुन्हा वर काढायला शेतकऱ्याचाच हात लागला, हे मी समितीला रंगवून सांगितलं. समिती गहिवरेल अशी अपेक्षा होती. माजी सरपंचांनी एवढंच विचारलं, "साठ किलो? भंगारच्या भावानं गेलं न्हाई हे नशीब."

त्या काळात पिकायचं काय, हा पुढचा प्रश्न. मी शिरूरजवळच्या इनामगावचा दाखला दिला. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी घोड नदीकाठी वर्षानुवर्षं खणून तीनेक हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. तिथलं मुख्य पीक जव. पाणी वळवायला चारी काढलेली, धान्य साठवायला कोठार.

"ऊस नव्हता?"

"नाही."

"मग जवाला भाव काय मिळायचा?"

"तेव्हा बाजार समिती नव्हती हो."

"म्हंजी भाव न्हाईच. आत्तासारखंच की." जव मंजूर झाला.

खरा गोंधळ झाला तो मोटेच्या चित्रावर. पुतणीचा जन्म इंजिनं जाऊन मोटरी आल्यानंतरचा. मोट तिनं फोटोतच पाहिलेली. तिनं मोठ्या मेहनतीनं कोळशानं रेखाटन केलं. मध्ये विहीर, डाव्या अंगाला धाव, धावेवर खिलारी बैलांची जोडी, शिंगं पाठीमागं सुंदर वळलेली, आणि चित्र जुळून यावं म्हणून बैलांची तोंडं विहिरीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीसमोर पाच म्हातारी माणसं उभी. आयुष्यात कधी चित्रप्रदर्शनाला गेली नसतील, पण त्यांच्यापुढं मुंबईच्या समीक्षकांनी उभं राहून दाखवावं. पहिल्यानं काठी टेकली, डोळे बारीक केले आणि विचारलं, "ताई, हे बैल जीव द्यायला निघालेत का?"

पुतणीला काही कळेना. तिला समजावून सांगण्यात आलं, की बैल विहिरीकडं पाठ करून धावेवरून उतारानं खाली जातात, तेव्हा मोट भरून वर येते. ती थारोळ्यात ओतली की बैल तोंड न वळवता उलट्या पावली मागं सरकत येतात, तेव्हा मोट पुन्हा पाण्यात बुडते. पुढं जाणं कुणालाही येतं. ओझं मानेवर असताना मागं चालायला शिकलेला बैल हाच मोटेचा बैल. ती म्हणाली, "असं बोलून नाही समजत, आजोबा. दिसलं पाहिजे."

मग जे झालं ते अजून गावात सांगतात. शाळेच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत उतार आहे. दोन आजोबा बैल झाले. खांद्यावर आडवी काठी, तेच जू. मागं उपरणं बांधून त्याला शाळेची पाण्याची बादली अडकवली. तिसरे आजोबा मोटकरी झाले आणि उपरण्यावर बसायला निघाले, तेव्हा दोन्ही बैलांनी मान झाडून साफ नकार दिला. मोटकरी खाली जाताना नाड्यावर बसून वजन देतो, हे खरंय, पण त्या बैलांची वयं पंच्याहत्तरीच्या पुढची होती. "हाऽऽ" म्हणून हाकारा झाला, बैल उतरले, बादली घरंगळत मागं आली. चौथ्यानं ओरडून सांगितलं, "आरं सोंदूर ताणून धर, सोंडेतनं पाणी सांडतंय!" कारण मोटेला दोर दोन. वरचा जाड नाडा ओझं उचलतो आणि खालचा सोंदूर सोंडेचं तोंड वर धरून ठेवतो. मोट थारोळ्याशी आली की सोंदुरानं सोंड पुढं ओढायची, म्हणजे पाणी आपोआप ओतलं जातं. चित्रात सोंदूर नव्हताच. त्या मोटेतलं पाणी, पाचवे आजोबा शांतपणे म्हणाले, विहिरीतल्या विहिरीतच राहिलं असतं.

पुतणी हे सगळं वहीत भराभर उतरवत होती. उलट्या पावली चढताना बैलांचे मागचे पाय कसे पसरतात, मान कशी वर जाते, हे तिला दोन म्हाताऱ्यांच्या अंगावरून मिळालं. आजही त्या चित्रातल्या डाव्या बैलाच्या चालीत थोडा गुडघेदुखीचा भास होतो, तो त्यामुळं.

मी तिला समाधानासाठी सांगितलं, की हे भोग एकट्या तिच्या वाट्याला आलेले नाहीत. अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या विधानभवनात १९४० च्या सुमारास जॉन स्टुअर्ट करी नावाच्या चित्रकारानं भिंती रंगवल्या. हा गडी स्वतः तिथल्याच शेतकऱ्याचा मुलगा. तरी लोकांनी त्याच्या डुकरांच्या शेपट्यांचा पीळ चुकीचा आहे म्हणून काहूर माजवलं. पुढं घुमटाखालच्या दालनातल्या चित्रांसाठी संगमरवर काढायला आमदारांनी परवानगी दिली नाही, तेव्हा तो रागावून कामावर सही न करताच निघून गेला. तिनं विचारलं, "पैसे दिले का त्याला?" हा प्रश्न काकाकडून आलेला असावा.

सावकाराचं चित्र वेगळ्याच कारणानं अडलं. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी उठाव केला, सावकारांच्या घरातली कर्जरोख्यांची कागदं बाहेर काढून जाळली आणि ते लोण आमच्या नगर जिल्ह्यातही पोचलं. चित्रात कागदांची होळी, भोवती मुंडासेवाले, एका कडेला सावकार. चेहरा ओळखू येऊ नये ही अट पाळूनही गावातल्या एका प्रतिष्ठिताच्या जावयाला तो सावकार सासऱ्यासारखा वाटला. नाक जरा बदललं, तर तो पतसंस्थेच्या कुणासारखा दिसायला लागला. मग मिशी दिली. मिशीनं तर घोटाळाच झाला, संशयित तीन झाले. अखेर पुतणीनं त्याला पाठमोरा केला. आता १८७५ चा आमचा सावकार लोकांकडं पाठ करून उभा आहे आणि प्रत्येक जण आपापला चेहरा त्याला लावून पुढं जातो.

सन १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि आमच्या रानात पाटाचं पाणी खेळायला लागलं. गावाच्या इतिहासाचे दोनच भाग आहेत, पाटाआधीचा आणि पाटानंतरचा. म्हणून या चित्राला सर्वात मोठी चौकट दिली. धरणाला ज्याचं नाव आहे तो गव्हर्नर विल्सन काढायचा का, यावर थोडी चर्चा झाली, पण साहेबाचा चेहरा ओळखू येणार नाही असा काढायचा तर काढायचा कशाला, असं ठरून त्याला वगळलं. पुतणीनं पाटाकाठचं काळं रान अगदी जीव ओतून रंगवलं. खिशात ढेकूळ घेऊन फिरायची. काळी माती काळी नसतेच, तिच्यात तपकिरी आणि जराशी निळी असते, हे तिनं आम्हाला दाखवलं. जन्मभर त्या मातीत लोळलेल्यांना ते पहिल्यांदा कळलं.

पावसाळा झाला आणि नेमकं याच चित्राच्या खालच्या अंगाला भिंतीत ओल चढली. रंगाचे पोपडे सुटले, पांढरे लोण्याचे डाग फुटले. पेंटर डोक्याला हात लावून बसले. आणि शेतकरी येऊन कौतुक करू लागले. "हे मात्र अगदी खरं काढलंय बगा!" कारण पाट आला, ऊस आला, पाणी दिलं आणि दिलंच, तेव्हा प्रवराकाठची कितीतरी रानं अशीच खालून वर पांढरी फुटली, चोपण झाली. पुतणीनं डाग खरवडून पुन्हा रंग द्यायचा म्हटलं तर समितीनं हरकत घेतली. दुरुस्तीचा खर्चही वाचत होता, हा भाग वेगळा.

कारखान्याच्या चित्रात खटका उडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले, १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झालं. इथवर सगळे गुण्यागोविंदानं होते. मग आभाळाचा रंग निघाला. निळं केलं तर एका पक्षाचं, संध्याकाळ दाखवून भगवं केलं तर दुसऱ्याचं, आणि खाली उसाचा हिरवा आधीच होता. शेवटी भर दुपारचं पांढुरकं आभाळ सर्वानुमते ठरलं. धुराचं तोंड कुठल्या आळीकडं करायचं हेही मतास टाकलं असतं, तेवढ्यात एका तरुणानं उसाच्या कांड्याकडं बोट दाखवलं. "हा तर दोनशे पासष्ट दिसतो. त्या वेळी चारशे एकोणीस होता." मग उसाच्या जातीवरून जुने आणि नवे यांची अशी जुंपली, की राजकारण बाजूला राहिलं. आमच्या भागात उसावर बोलणं हे राजकारणावर बोलण्यापेक्षा सुरक्षित असतं, आणि अखेर दोन्ही एकच असतात.

बाहत्तरच्या दुष्काळाचं चित्र मात्र बिनविरोध झालं. पाझर तलावाचं काम, खडीचे ढीग, सुकडीसाठी लागलेली रांग, परदेशातून आलेल्या लाल मिलोची पोती. एवढी माणसं तिथं राबताना दाखवली, पण यातले आमचे आजोबा कुठले, हे विचारायला कुणीच आलं नाही. पहिल्या विहिरीला चार वारस होते. खडीला एकही नव्हता.

एक आजी आल्या. त्यांनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सगळी चित्रं पाहिली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "सगळ्या बायांच्या डोक्यावर पाटीच? भाकरी आणायची आन् परत जायचं, एवढंच केलं का आम्ही?"

समितीतले पाचही पुरुष पाटाकडं बघू लागले.

"पेरणीला पाभरीमागं मोघणं धरून कोण चालतं? खुरपायला कोण, कांदं लावायला कोण? आन् ती हातोडी अशी धरत्यात व्हय? बोटं राहतील का तिची?" मग त्या खाली बसल्या, एक दगड पायाच्या पंजांत दाबून धरला आणि खडी कशी फोडायची ते दाखवलं. बाहत्तरला त्या नवी नवरी होत्या. पुतणीनं त्यांचे हात काढून घेतले. चेहऱ्याची अट या एका ठिकाणी मोडली, आणि त्याबद्दल तक्रार करायची कुणाची छाती झाली नाही. पेरणीच्या चित्रातली भाकरीवाली आता पाभरीमागं चालतेय. नीट पाहिलं तर तिच्या डोक्यावर रंगाखाली गेलेल्या पाटीची पुसट कड अजून दिसते. पेंटर म्हणाले, दुसरा हात मारला की जाईल. आजी म्हणाल्या, राहू द्या, संध्याकाळी ती पण तिलाच न्यायचीय.

उरली शेवटची चौकट, आजची शेती. ठिबक, डाळिंब, ड्रोन असं सगळं सुचवून झालं. मग एका पोरानं विचारलं, "रात्री दोनला लाइट येते आन् उसाला पाणी धरायला जावं लागतं, ते काढाल का?" तेच काढलं. अंधार, उसाचा फड, हातात बॅटरी घेतलेला एक जण, आणि पानांआड दोन चमकणारे डोळे. बिबट्या आमच्याकडं डोंगरात राहत नाही, उसात राहतो. तिथंच त्याचा जन्म होतो, तिथंच संसार. सातबाऱ्यावर त्याचं नाव लागायचंच काय ते बाकी आहे. चित्र एवढं जमलं, की अंगणवाडीची पोरं त्या बाजूनं यायला तयार होईनात आणि एका पालकानं भिंतीसमोर पिंजरा लावण्याचा अर्ज दिला. बॅटरीवाल्या पोराच्या आईची तक्रार वेगळीच. लग्नाला मुली आधीच शेतकरी नको म्हणतात, त्यात हे चित्र ऐन रस्त्यावर. पाव्हणे बघायला येतात तेव्हा एवढं तरी झाकायची सोय करा.

उद्घाटन झालं, भाषणं झाली, नारळ फुटला. पुढं पोळा आला. गावात बैलांच्या जोड्या आता बोटांवर मोजाव्या लागतात. ट्रॅक्टरला झूल घालून मिरवतात, हॉर्नला गोंडा बांधतात, पण पुरणपोळी खायला घालायची तर ती डिझेलच्या टाकीत कशी टाकणार? ज्यांच्या दावणीला बैल नाही अशा बायका एरवी मातीचे बैल पुजायच्या. या वर्षी कुणीतरी ताट घेऊन भिंतीकडं निघाली, तिच्यामागं दुसरी, आणि तासाभरात शाळेसमोर रांग. खिलारी जोडीच्या शिंगांना हिंगूळ लागला, कपाळांना कुंकू, आणि तोंडांना तुपात भिजलेली पुरणपोळी, चोळून चोळून. मोटेचे बैल उंचीला बरोबर हाताशी येत असल्यामुळं सगळा मान त्यांना मिळाला. दायमाबादचे वरच्या अंगाला होते, ते उपाशी राहिले.

संध्याकाळपर्यंत भिंतीवर मुंग्यांची रांग लागली. रात्री कुणाचीतरी शेळी येऊन उजव्या बैलाचं तोंड चाटून गेली, रंगासकट. पेंटर दुसऱ्या दिवशी आले, डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, की रंग पाण्यातला आणि वर बसलंय तूप, आता इथं कुठला ब्रश टिकत नसतो. डाव्या बैलाला मात्र शेळीनं तोंड लावलं नाही, त्यामुळं त्याला नैवेद्य जास्त मिळाला की कमी, यावर तिथल्या तिथं दोन गट पडले. पुढच्या पोळ्याआधी भिंतीला वॉर्निश मारायचं की तुपाच्या नैवेद्याला बंदी घालायची, हा विषय येत्या ग्रामसभेच्या अजेंड्यावर आहे. एकमत होण्याची चिन्हं नाहीत.